दुसऱ्या बेसिनची दरखास्त

घराच्या डागडुजीचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम दिवाणखान्याच्या रंगाचा विचार होतो, मागाहून स्वयंपाकघरातील ओट्याचा, आणि न्हाणीघराची पाळी येते ती बहुधा भिंतीवरच्या फरशा आपण होऊन सुटू लागल्यावर. पुण्यात सहकारनगरातल्या एका तीन मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वासंतीबाईंच्या घरी ही वेळ गेल्या उन्हाळ्यात आली. भिंतीतले जुने लोखंडी नळ काढून टाकावे, फरशा बदलाव्या, जमिनीचा कोबा मात्र न उखडता त्यावरच नवी फरशी बसवावी, असे मिस्त्रीच्या सल्ल्याने ठरले, आणि ते ठरत असतानाच त्यांनी त्या आठ फूट लांब व पाच फूट रुंद खोलीत एकाच्या जागी दोन बेसिने शेजारीशेजारी बसविण्याचा मनसुबा जाहीर केला. ह्या मनसुब्यावर त्यांचे मामा तात्यासाहेब, ज्यांची सारी हयात एका नगरपालिकेच्या जलनिःसारण खात्यात गेली, ह्यांनी हरकत घेतली आणि तिची सुनावणी एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी झाली. मी तेथे हजर होतो तो तात्यासाहेबांचा जुना स्नेही म्हणून. पण माझा कल प्रथमपासून वासंतीबाईंकडे होता हे नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढील हकिकतीत कोठे मापात पाप झालेच तर वाचकाला त्याचे कारण ठाऊक असेल.

"दुसरे बेसिन हवे कोणाला?" तात्यासाहेबांनी विचारले. "तुम्ही घरात माणसे चार."

"चारच आहोत, मामा, पण ती चारही माणसे सकाळी सात ते साडेसात ह्याच अर्ध्या तासात तोंड धुतात. ह्यांची दाढी चाललेली असते, मीरा तोंडात ब्रश धरून दाराशी उभी, आईंची कवळी पेल्यात भिजते आहे, आणि मी आरशाचा एक कोपरा मिळतो का ते पाहते आहे."

"आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांना मिळून एक मोरी होती, आणि सातही बिऱ्हाडांतली माणसे कचेरीत आणि शाळेत वेळेवर पोहोचत असत."

"बिऱ्हाडांतले पुरुष पोहोचत असत," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही मंडळी चौकात हौदावर उघड्याने चार तांबे ओतून घेऊन मोकळी होत होता. आजी मात्र त्या मोरीशी ओणव्याने तोंड धुवायची, ओणव्यानेच भांडी घासायची आणि ओणव्यानेच धुणे बडवायची. तिची कंबर कशाने गेली ह्याची चौकशी त्या सात बिऱ्हाडांपैकी कोणी कधी केल्याचे मला आठवत नाही."

ह्यावर तात्यासाहेब काही बोलले नाहीत, आणि बोलण्याजोगे काही नव्हतेही. मला मात्र त्या निमित्ताने एक गोष्ट सुचली ती येथे सांगून टाकतो. पूर्वी सरदार-दरकदारांच्या घरी जेवण आटोपले म्हणजे सेवक तस्त आणि झारी घेऊन पंगतीपाशी येई, आणि पानावरून न उठता यजमान हात धूत असे. म्हणजे श्रीमंताच्या घरी पाणी माणसाकडे चालत येई, सामान्याच्या घरी माणूस पाण्याकडे चालत जाई, आणि ह्या दोन्ही घरांत ते पाणी वाहून आणणारा मनुष्य तिसराच असे. घरोघर नळ आल्यावर हा तिसरा मनुष्य सुटला, हे नळाचे खरे उपकार. परंतु बेसिनापुढची रांग उरली ती उरलीच, आणि रांगेत शेवटी कोण उभे राहते ह्याचा शिरस्ताही फारसा बदलला नाही.

"बरे, गरज मान्य," तात्यासाहेब म्हणाले. "पण माझी हरकत मुळात बेसिनाला नाहीच. दुकानात तुम्ही पसंत करता ते चिनी मातीचे भांडे आणि वरची चकचकीत तोटी, म्हणजे जे दिसते ते. त्यापुढे जे दिसत नाही, त्याची निवड कोणी करीत नाही, ती मिस्त्रीच्या मर्जीवर सोडलेली असते. मला विचारशील तर बेसिन भिंतीच्या बाहेर चार आणे असते आणि भिंतीच्या आत बारा आणे. चल, दाखवतो."

सदऱ्याच्या बाह्या सारून ते न्हाणीघरात गेले आणि आम्ही त्यांच्या मागोमाग. जुन्या बेसिनाखाली बादली सरकवून त्यांनी बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून सोडविली; तिच्यातून आधी कपभर गढूळ पाणी पडले आणि त्यापाठोपाठ केस, साबणाचा साका आणि दातांची पेस्ट ह्यांचा मिळून झालेला एक काळपट, बुळबुळीत गोळा. तो काडीने उकलताच आतून मीराच्या कानातल्याची फिरकी निघाली, जिच्यासाठी घरच्या मोलकरणीवर पूर्वी संशय घेतला गेला होता. वासंतीबाईंनी ती फिरकी धुऊन मुकाट्याने पदराच्या टोकाला बांधली.

"ही वाटी म्हणजे घाण साठविण्याची जागा असे लोक समजतात," तात्यासाहेब सांगू लागले. "तिचे खरे काम निराळे. हिच्यात नेहमी दोन-अडीच इंच पाणी उभे राहते, आणि तेवढाच काय तो पडदा तुझ्या घरात आणि इमारतीच्या गटारात असतो. १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने शौचकूपाच्या नळीला बाक देऊन त्या बाकात पाणी अडवून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी नळी सरळ खाली उतरत असे आणि खालची सारी हवा सरळ वर येत असे. आकार पुष्कळ बदलले, मूळ तत्त्व तेच राहिले. आता तू एकाच नळीवर दोन बेसिने जोडणार. जावईबापू दाढी आटोपून भरलेले बेसिन एकदम सोडणार. ते पाणी नळी भरून दट्ट्यासारखे पुढे सरकले की त्याच्या पाठीमागे हवा विरळ होते, आणि ती उणीव भरून काढायला जिकडून वाट मिळेल तिकडून हवा ओढली जाते. सर्वांत जवळची वाट कोणती? शेजारच्या बेसिनाचा ट्रॅप. त्यातले पाणी खेचले गेले, पडदा फाटला, की रात्री झुरळे आणि सकाळी दुर्गंधी."

"सध्या एकच आहे, तरी गुडगुड होतेच की."

"होते ना? का होते ते ऐक." त्यांनी वाटी परत बसविली, बेसिन काठोकाठ भरले आणि बूच काढले. पाणी भोवरा करून उतरले, शेवटचा घोट जाताना नेहमीची ती घशातली गुडगुड झाली, आणि त्याच क्षणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डक्टच्या भिंतीपाशी असलेल्या नहाणी ट्रॅपमधले पाणी जाळीखाली दोनदा वरखाली झाले. "पाहिलेस? हे बेसिन डक्टपासून सात फूट लांब, आणि नळी सव्वा इंची. सव्वा इंची नळी वायुमार्गावाचून साडेपाच फुटांपलीकडे नेऊ नये असा इंग्लंडातल्या नियमांचा दंडक आहे. आपल्याकडे नळी संपते तेथपर्यंत नेतात. एका बेसिनाची ही अवस्था, तर दोघांची काय होईल?"

वासंतीबाईंनी मोजपट्टी आणविली आणि मापे घेण्याचे काम सुरू झाले. दोन माणसांची कोपरे एकमेकांना लागू नयेत तर दोन बेसिनांच्या मध्यांत निदान अडीच फूट अंतर हवे. तेव्हा एक बेसिन आहे तेथेच ठेवून दुसरे त्याच भिंतीवर डक्टच्या बाजूला घेतले तर ते डक्टपासून साडेचार फुटांवर येत होते. फुटाला पाव इंच उतार धरला तर सात फुटांत पावणेदोन इंच उतार लागणार, आणि दोन्ही बेसिनांचे पाणी वाहून नेणारी नळी सव्वा इंची असून चालणार नाही, ती दोन इंची हवी. येथवर दोघांचे एकमत होते. मतभेद उत्पन्न झाला तो ती दोन इंची नळी जाणार कोठून ह्या प्रश्नावर.

"भिंतीतून नेणे नाही," तात्यासाहेबांनी बजावले. "ही अर्ध्या विटेची भिंत, साडेचार इंची. हिच्यात आडवी खाच पाडून दोन इंची नळी घातली तर भिंत उरते किती? तेव्हा जमिनीखालून. जमिनीखालून म्हणजे कोबा फोडणे आले. वीट-रोड्यांचा तो कोबा पन्नास वर्षे मुरून पक्का झालेला. त्यात एकदा नवा जोड केला की जुने आणि नवे ह्यांच्या सांध्यातून पाणी कधी झिरपू लागेल त्याचा भरवसा नाही. फरशीवर थेंब दिसत नाही, भिंतीला ओल नाही, आणि पाणी कोठे मुरते आहे ह्याचा पत्ता प्रथम लागतो तो खालच्या मजल्यावरच्या बाईंना. तुमच्या संस्थेच्या उपविधींत स्पष्ट आहे: इमारतीच्या बाहेरचे नळ संस्थेने दुरुस्त करावयाचे, घरातल्या मोरी-बेसिनाची गळती सभासदाने स्वखर्चाने. पण खर्चाचे जाऊ दे. चांगला, न गळणारा कोबा केवळ सोयीसाठी फोडायचा, ह्याला माझे मन घेत नाही."

मला ह्या युक्तिवादाचे वजन जाणवले हे कबूल केले पाहिजे. तंत्रज्ञ जेव्हा नको म्हणतो तेव्हा त्याच्या नकारात पुष्कळदा आळस किंवा अहंकार असतो. तात्यासाहेबांच्या नकारात ज्या पुढच्या दहा वर्षांत ते स्वतः कदाचित नसतील त्या दहा वर्षांची काळजी होती.

वासंतीबाईंनी मात्र कोब्याचा मुद्दा तहकूब ठेवून आधी हवेचा घेतला. "मामा, मी लहान असताना तुम्ही मला कात्रजच्या नळाची गोष्ट किती वेळा सांगितली असेल?"

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावर एकदम कोवळे ऊन पडले. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणणारा जो भुयारी नळ बांधला गेला, तो त्यांचा आवडता विषय आहे. पंपावाचून, केवळ उताराच्या हिशेबावर एवढे शहर पाणी प्याले, आणि तो उतार साधणाऱ्या कारागिरांची नावे आपल्याला माहीत नाहीत, ही खंत त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकली आहे.

"त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते ते कशासाठी?"

"कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. हवा अडली की पाणी अडते."

"मग माझ्या बेसिनांनाही एक उच्छ्वास द्या की! आपण वरच्या मजल्यावर आहोत. डोक्यावर गच्ची. दोन्ही बेसिनांच्या नळीपासून एक हवेची नळी डक्टमधून वर काढायची ती किती लांब असणार? तळमजल्यावरच्या माणसाला तीन मजले चढवावे लागतील ते मला एका मजल्यात साधते आहे. नळीत हवा तिकडून आली म्हणजे शेजारच्या ट्रॅपातले पाणी कशाला ओढले जाईल?"

तात्यासाहेब हसले. भाचीने आपल्याच पोतडीतला दाखला आपल्यावर लागू केला ह्याचा त्यांना राग आला नाही. उलट ह्या एका वाक्यावर त्यांनी आपला अर्धा दावा बिनशर्त सोडून दिला असे मला वाटले. "वायुनळी दिलीस तर ओढले जाणार नाही," ते म्हणाले. "मात्र प्रत्येक बेसिनाला त्याचा स्वतंत्र ट्रॅप. आणि एकामागे एक असे दोन ट्रॅप एका वाटेवर येऊ द्यायचे नाहीत. मध्ये हवा कोंडते आणि पाणी तुंबून तुंबून जाते. सध्याची नळी नहाणी ट्रॅपच्या पाण्याखाली उघडते आहे, तोच घोटाळा. ह्यापुढे बेसिनांची नळी नहाणी ट्रॅपला न जोडता थेट डक्टमधल्या सांडपाण्याच्या नळाला जोडायची. शिवाय गच्ची संस्थेची आहे. तिच्यावर नळी काढायची तर ना-हरकत दाखला आधी हातात घे."

"अर्ज दिला आहे."

"दिलाससुद्धा?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहिले.

त्यानंतर पाणी येण्याचा प्रश्न निघाला. तो जाण्याच्या प्रश्नाहून सोपा, म्हणून मीही थोडक्यात सांगतो. वरच्या मजल्याला हवा स्वस्त पडते, पण पाणी महाग पडते: टाकीचा तळ ह्या घरातल्या तोटीहून फार तर दहा फूट उंच, आणि दहा फूट उंचीच्या पाण्याचा दाब चौरस इंचाला सव्वाचार पौंडांहून किंचित अधिक, त्यातलाही काही भाग वाटेतल्या प्रत्येक बाकाला नि चावीला खंडणी म्हणून द्यावा लागणार. "दोन तोट्या एकदम सोडल्यास की दोन्हींना करंगळीएवढी धार," तात्यासाहेब म्हणाले. "आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?"

त्यावर वासंतीबाईंनी फडताळातून एक लोखंडी तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. स्वयंपाकघरातला नळ पूर्वी बदलला तेव्हा कापून निघालेला तो तुकडा होता: बाहेरून अर्धा इंची, धडधाकट, वर रंगाचे दोन हात दिलेले, पण तोंडाकडून पाहिले तर आत गंजाची पुटांवर पुटे चढून मधल्या भोकातून पेन्सिलही जाऊ नये अशी स्थिती. "आड कोरडा नाही, मामा. पोहऱ्याचा गळा आवळला गेला आहे. हे सगळे काढून सीपीव्हीसीची पाऊण इंची नळी आणायची आणि प्रत्येक तोटीपुरती अर्धा इंची शाखा काढायची."

प्लास्टिकच्या नळाविषयी तात्यासाहेबांच्या मनात अढी आहे. ती तांत्रिक नसून भावनिक आहे असा माझा समज. ज्या माणसाने उमेदीची वर्षे सफेदा नि सूत गुंडाळून लोखंडी आटे आवळण्यात घालविली, त्याला चिकटद्रव लावून घटकाभरात जुळणारा सांधा पोरखेळ वाटला तर नवल नाही. "गिझरच्या पाण्याने मऊ पडेल," ते पुटपुटले. पण सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकते आणि घरच्या गिझरमधले पाणी तेथवर जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होते, म्हणून तो मुद्दा त्यांनी लावून धरला नाही. एक सूचना मात्र केली, आणि ती मोलाची होती: तोटी जेथे आट्याने बसते तेथे पितळी आटा असलेला जोड वापरावा, आणि मिस्त्रीने पाना घेऊन आपले बळ दाखवू नये, कारण ह्या नळ्या मध्ये कोठे फुटत नाहीत, आवळताना तोंडाशी तडकतात, आणि तो तडा फरशी बसल्यावर बोलू लागतो.

"एक मध्यममार्ग सुचवू का?" तात्यासाहेब म्हणाले. "दुसरे बेसिन ह्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, बाहेरच्या बोळात घे. पाठीला पाठ. जेवणानंतर हात धुवायलाही बरे. पाहुण्यांना न्हाणीघर दाखवावे लागत नाही."

सूचना व्यवहार्य होती. आपल्याकडच्या कितीतरी घरांत जेवणघराच्या तोंडाशी असे बेसिन असते, आणि सणावारी पंगत उठली म्हणजे त्याचे महत्त्व कळते. पण वासंतीबाईंनी ती तत्काळ फेटाळली. "बोळासमोर जेवणाचे टेबल आहे. सकाळी मीरा पोहे खात बसलेली असताना तिच्यापुढे कोणी खाकरून गुळण्या कराव्यात? हात धुण्याचे बेसिन वेगळे, तोंड धुण्याचे वेगळे. शिवाय पाठीला पाठ लावलेल्या दोन बेसिनांच्या नळ्या समोरासमोर एकाच जोडात घातल्या तर इकडचे पाणी तिकडच्या बेसिनात डोकावते, हे मला मिस्त्रीनेच सांगितले."

"त्याला जोड वरखाली घेणे हा इलाज आहे."

"इलाज आहे, पण मला ते बोळात नकोच आहे. मामा, मी एक गोष्ट अजून सांगितली नाही." त्यांनी आवाज उतरविला, कारण शेजारच्या खोलीत सासूबाई वर्तमानपत्र वाचीत होत्या. "शेजारीशेजारी म्हणजे सारखी जोडी नाही. दुसरे बेसिन बुटके हवे आहे. आहे ते जमिनीपासून बत्तीस इंच, नवे अठ्ठावीस. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेपासून आईंना उभ्याने तोंड धुववत नाही. त्या स्टुलावर बसतात, पुढ्यात बादली घेतात, तिच्यात कवळी धुतात, आणि मग ती बादली ओढत मोरीपर्यंत नेतात. आम्ही कोणी पुढे झालो तर त्यांना आवडत नाही."

"मला कशाला ग बेसिन?" आतून आवाज आला, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ऐकू कमी येते हा वासंतीबाईंचा तर्क खोटा ठरला. "माझे बादलीवर छान भागते. माझ्या नावावर खर्च दाखवू नका."

ह्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे होते. आतापर्यंत हरकतदाराच्या भूमिकेत असलेले तात्यासाहेब एका क्षणात खात्यातले तात्यासाहेब झाले. त्यांनी कागद पुढे ओढला, बेसिनाची बाजू काढली, पुढ्यात एक स्टूल काढले आणि स्टुलावर एक काठीचे माणूस बसविले. "गुडघे कोठे जाणार?" ते स्वतःशीच बोलले. "बॉटल ट्रॅप मधोमध लोंबत असेल तर गुडघा त्याच्यावर आपटणार. तो चालणार नाही. नळी आधी मागे न्यायची आणि बाक भिंतीलगत द्यायचा. गरम पाण्याची नळी खाली उघडी राहता कामा नये, मांडीला लागेल. तिला वेष्टण घालावे लागेल. तोटी फिरकीची नको, दांडीची हवी. म्हाताऱ्या बोटांना फिरकी फिरवत नाही. आणि बेसिनाला खालून खांब अजिबात नको, म्हणजे त्याचा भार भिंतीवर येणार, आणि भिंत अर्ध्या विटेची." ते थांबले. "म्हातारी व्यक्ती उठताना बेसिनाच्या काठावर हाताचा रेटा देते. भार नुसत्या बेसिनाचा नाही, माणसाचा धरायचा. भिंतीला मागून लोखंडी चौकट द्यावी लागेल."

"म्हणजे तुमची संमती आहे?"

"बेसिनाला आहे. कोब्याला नाही." आणि ते पुन्हा मूळपदावर आले. दोन बेसिने डक्टच्या आखूड भिंतीवर आणावीत काय, हे पाहिले. पाच फुटांत ती जेमतेम मावत होती, पण मग अंघोळीची जागा दाराशी येत होती आणि सबंध जमिनीचा उतार उलटा करावा लागत होता. नळी फरशीवरूनच चौथऱ्याखाली न्यावी काय, हेही पाहिले. त्या चौथऱ्यावर स्टूल चढवावे लागले असते, म्हणजे ज्यांच्यासाठी खटाटोप त्यांचीच अडचण. कोबा फोडावा लागू नये म्हणून हा पासष्ट वर्षांपूर्वी शाळेत भूमितीचे बक्षीस मिळविलेला माणूस तासभर कागदावर झगडला, आणि मला वाटते, त्या खोलीत जितके मार्ग संभवत होते तितके त्याने चालून पाहिले.

अखेरीस त्यांनी पेन्सिल ठेवली. "फोडायचाच असेल तर एक अट. काम सुरू होण्यापूर्वी खालच्या बाईंच्या न्हाणीघराच्या छताचा पंचनामा. त्यांच्यासमक्ष, तुझ्यासमक्ष, फोटो काढून, तारीख घालून. उद्या डाग दिसला तर तो आधीचा की नंतरचा ह्यावर दोन शेजारणींची तोंडे फिरलेली मी खात्यात पुष्कळ पाहिली आहेत. आताच जाऊ."

आम्ही तिघे एक मजला उतरलो. खालच्या लेलेबाईंनी आम्हाला संकोचाने आत घेतले आणि त्यांच्या संकोचाचे कारण न्हाणीघरातला दिवा लागताच कळले. छताला, दाराकडच्या बाजूला, ताटाएवढा पिवळसर डाग होता. कडा तपकिरी, मध्ये चुन्याचे पोपडे, आणि एका पोपड्याच्या टोकाला पाण्याचा थेंब सुटण्याच्या बेतात थांबलेला.

"दोन पावसाळे झाले," लेलेबाई म्हणाल्या. "आधी वाटले गच्चीचे पाणी असेल. मग लक्षात आले, मधे तुमचा मजला आहे. पण तुमच्या सासूबाईंचे ऑपरेशन झाले होते, तुमची धावपळ दिसत होती. म्हटले, सवडीने सांगू."

तात्यासाहेबांनी मोजपट्टीचे एक टोक माझ्या हातात देऊन मला डक्टच्या भिंतीपाशी उभे केले आणि दुसरे टोक डागाच्या मध्याखाली धरले. सात फूट. म्हणजे वरच्या पहिल्या बेसिनाची नळी जेथे भिंतीतून उतरून कोब्यात वळते, बरोबर ती जागा. त्यांनी डागाकडे पुन्हा एकदा पाहिले, खिशातून डायरी काढली आणि पंचनाम्याच्या पहिल्या ओळीत तारीख व माप लिहिले. लेलेबाईंची सही घेतली, वासंतीबाईंची घेतली, साक्षीदार म्हणून माझी घेतली.

जिना चढताना वासंतीबाई म्हणाल्या, "मामा, कोबा फोडायचाच आहे, मग."

"फोडायचाच आहे. अर्धामुर्धा नाही, सबंध. जुन्या-नव्याचा सांधाच ठेवायचा नाही. नवा कोबा झाला की दाराशी विटांचा बांध घालून चार इंच पाणी कोंडायचे आणि तीन दिवस रोज खाली जाऊन छत पाहायचे, त्यानंतर फरशी. नळी दोन इंची, उतार फुटाला पाव इंच, त्यात मिस्त्रीने कितीही गयावया केली तरी कपात नाही. दोन्ही बेसिनांना वेगळे अँगल कॉक, म्हणजे एक बिघडले तर दुसरे बंद पडू नये. आणि झाकण्यापूर्वी सगळ्या नळ्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून."

"आणि उंची अठ्ठावीस इंच."

"ते तू नको ठरवू, मीही नको. त्यांना स्टुलावर बसव, हातात पेला दे, आणि भिंतीवर खडूने खूण त्यांनाच करू दे."